तिसरा खंड कुणाकडे आहे

वेमबोर्न, ९ फेब्रुवारी १७७८

प्रिय डॅमरिस,

आज सकाळी मी माझंच पुस्तक जप्त केलं.

शाळेतल्या थोरल्या मुलींच्या खोलीत गाद्या उलट्या करून बघत होते. सोफी हॅलमच्या गादीखाली काहीतरी टणक लागलं. ओढून काढलं, तर 'क्लोरिंडा मॉस', खंड पहिला, एका सभ्य स्त्रीने रचलेली कादंबरी. छापून आल्यापासून ते पुस्तक माझ्या हातात आलं ते हे असं, पिसवांच्या सोबतीनं. आणि आनंद दाखवायची सोय नाही. उलट मलाच म्हणावं लागलं, "हॅलम, असली पुस्तकं वाचून मुलींचं डोकं फिरतं."

"हो बाई," ती म्हणाली, "पण फार छान फिरतं."

तिला फ्रेंच क्रियापदं लिहायला बसवलं आणि माझ्या खोलीचं दार लावून मी पहिलं प्रकरण वाचलं. बरं झालंय गं. पण बरं झालंय हे मी सांगू कुणाला? शाळेच्या नियमावलीत चौथं कलम आहे, कादंबरी बाळगण्यास मनाई. ते मीच लिहिलंय. हे पुस्तक शाळेच्या बाईंनीच लिहिलंय असा नुसता वास लागला, तरी सगळे बाप आपापल्या मुली घेऊन जातील आणि यजमानांच्या, गॅरवेंच्या मागे मला उरलेलं हे एकुलतं छप्पर जाईल. म्हणून तर सगळं हस्तलिखित तुझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं, की छापखान्यात माझं अक्षरही कुणाला दिसू नये.

आता इथला गोंधळ ऐक. आमच्या बन्सचं वर्गणीचं वाचनालय तुला आठवत असेल, तो चहा आणि दातदुखीची पूडही विकतो. त्याच्याकडे पुस्तकाचा एकच संच आहे आणि तो एका वेळी एकच खंड देतो. त्यामुळे अख्खं गाव माझी कादंबरी तुकड्यातुकड्यांनी वाचतंय. पाद्र्यांच्या पत्नी मिसेस फ्रॅम्प्टन दुसऱ्या खंडावर ठाण मांडून बसल्यात. डॉक्टरांनी तिसरा खंड आधी नेला, कारण त्यांना म्हणे धीर नाही. आणि त्यांचं मत असं, की हे पुरुषानं लिहिलंय, वकिलाच्या कचेरीचं इतकं नेमकं वर्णन बाईला जमायचं नाही. गॅरवे वारल्यावर मी त्या कचेरीच्या बाकावर किती महिने काढलेत, ते त्यांना कुठं ठाऊक?

माझ्या जिवाला घोर एकाच गोष्टीचा आहे. हॅलमकडून जप्त केलेला खंड मी निमूटपणे बन्सच्या दुकानात पोचवला आणि त्यानं तो माझ्यादेखत हवेलीवरच्या लेडी थ्रॉकलींच्या नोकराच्या हातात दिला. कादंबरीतली कंजूष लेडी ग्रिंडल कुणावरून उचललीय, ते तुला माहीत आहे. लेडी थ्रॉकलींना आरशात बघायची सवय नाही, एवढ्यावरच माझी आशा आहे.

तुझी,
जुडिथ

*

लंडन, १७ फेब्रुवारी

प्रिय जुडिथ,

अगं, उगाच काय जीव खालीवर करून घेतेस? स्वतःला पुस्तकात ओळखणारी कंजूष बाई अजून जन्मायची आहे. प्रत्येकीला वाटतं, हे शेजारणीवर लिहिलंय.

इथे पुस्तक झकास चाललंय. ड्रॅक प्रकाशक मला दुकानात खुर्ची देतो आता. आधी दारात उभी करायचा. मी अजूनही 'त्या बाईंच्या ओळखीची' आहे, तो नाव विचारतो आणि मी नाक पुसते. एका मासिकात परीक्षण आलंय. लिहितात की, 'स्त्रीलेखनाच्या मानाने पुस्तक सुसह्य असून व्याकरण आश्चर्यकारकरीत्या शुद्ध आहे.' माझा अ‍ॅम्ब्रोझ ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवत होता. नवऱ्याला वाटतं, मी ड्रॅककडे शिवणाचे नमुने नेते. टोप्या करणाऱ्या माणसाला डोक्याच्या आत काय चाललंय ते कधी कळत नाही.

तू तिसरा खंड बघितलास का? नसशील तर घाई करू नकोस. छपाई तितकीशी चांगली नाही, चुका राहिल्यात, तुला उगाच त्रास होईल. दुसरं नवं लिहायला घे.

धाकट्याला दात येताहेत, रडून घर डोक्यावर घेतलंय. आता थांबते.

तुझी,
डॅमरिस

*

वेमबोर्न, २ मार्च

डॅमरिस,

ती बाई जन्मलेली आहे आणि आमच्याच गावात राहते.

लेडी थ्रॉकलींनी पहिला खंड वाचला. वापरलेली चहाची पत्ती वाळवून सोबतिणीच्या, क्लोरिंडाच्या ट्रेवर पाठवणारी लेडी ग्रिंडल. कुत्र्याला शेकोटीपाशी आणि सोबतिणीला खिडकीच्या फटीपाशी बसवणारी लेडी ग्रिंडल. तिथे पुस्तक मिटलं आणि मिस ऑर्चर्डला बोलावणं गेलं. ही केझिया ऑर्चर्ड म्हणजे त्यांची पगारी सोबतीण. पन्नाशीला आलेली, मुकाट, वर्षानुवर्षं त्यांच्या शाली उचलणारी. बाईसाहेब म्हणाल्या म्हणे, "माझ्या घरातला चहा माझ्याशिवाय आणि तुझ्याशिवाय कुणी बघितलाय? तेव्हा हे तूच लिहिलंस." तिनं नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, लिहिणाऱ्या सगळ्या नाहीच म्हणतात. त्याच दुपारी तिची पेटी फाटकाबाहेर.

शिफारसपत्राशिवाय. म्हणजे कुठल्याही चांगल्या घराचं दार आता तिला उघडणार नाही. बन्सच्या धोबिणीच्या माडीवर राहिलीय बिचारी.

मला संताप आलाय, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळत नाही. बाईसाहेबांवर आहेच. पण त्या फक्त पहिला खंड वाचून थांबल्या, कारण दुसरा पाद्रीबाई सोडत नाहीत. माणसं एक तृतीयांश पुस्तक वाचून दुसऱ्याचं आयुष्य निकालात काढतात. आणि बन्सनं दुसरा संच मागवला तर त्याच्या तिजोरीला भोक पडतं.

आणि स्वतःवर. वाळवलेली पत्ती मी कल्पनेनं नाही लिहिली. बाईसाहेबांची पुस्तकं बदलायला ऑर्चर्ड दुकानात यायची, मी पाट्या न्यायला जायचे. पायरीवर उभं राहून दोन गोष्टी व्हायच्या. त्या तिच्या गोष्टी. मी घरी आले आणि लिहून काढल्या.

अजून वाईट पुढेच आहे. तिसऱ्या खंडात माझी लेडी ग्रिंडल एकटी मरते, उशाखाली किल्ल्या, आणि खाली नोकर लवकर जेवायला बसतात. ते वाचलं तर बाईसाहेब तिला या परगण्यात जगू देणार नाहीत. तो खंड त्यांच्यापर्यंत पोचता कामा नये. डॉक्टरांच्या बायकोला मी आज मुद्दाम सांगून आले, पुस्तक छान आहे, सावकाश वाचा.

पण हे किती दिवस? मी ठरवलंय. हवेलीवर जाऊन सांगते, लिहिणारी मी.

जुडिथ

*

लंडन, ६ मार्च

जुडिथ,

पत्र मिळताच उभ्या उभ्या लिहितेय. कुठंही जाऊ नकोस. पायावर धोंडा पाडून घेशील आणि त्या बाईचा काडीचा फायदा होणार नाही. तुझ्या शाळेतल्या मुलींचा विचार कर, स्वयंपाकीणबाईचा कर, तुझा स्वतःचा कर. शाळा गेली तर तुला माझ्याकडेच यावं लागेल, पण अ‍ॅम्ब्रोझला आणि तुला एका छपराखाली ठेवायचं म्हणजे माझंच एक करुण पुस्तक होईल.

माझं एक ऐक. बाईसाहेबांना तिसरा खंड वाचू दे. अडवू नकोस. उलट डॉक्टरांकडून सोडवून पाठवून दे. का ते विचारू नकोस.

डॅमरिस

*

वेमबोर्न, १५ मार्च

डॅमरिस,

तुझ्या पत्राचा शेवट मी चारदा वाचला आणि चारदा वाटलं, लंडनच्या धुरानं तुझं डोकं गेलंय. 'वाचू दे' म्हणे. हातपाय मोडलेल्या माणसाला जिन्यावरून ढकलण्यासारखा सल्ला. मी तो मानलेला नाही.

तुझा पहिला सल्लाही मानला नाही. मी गेले. चांगला काळा गाऊन घातला, वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं, पण गेले. बाईसाहेब कुत्र्याला बिस्कीट भरवत होत्या.

मी म्हटलं, "बाईसाहेब, ते पुस्तक मिस ऑर्चर्डनं लिहिलेलं नाही. मी लिहिलंय."

त्यांनी चष्मा लावला आणि मला डोक्यावरच्या बोनेटपासून बुटापर्यंत बघितलं. "तुम्ही?"

"मी."

"तुम्ही तर मुलींना बेरजा शिकवता."

"शिकवून झाल्यावर लिहिलं."

"मिसेस गॅरवे, त्या पुस्तकात एक तरुण गुडघे टेकून प्रेमाची कबुली देतो. चांगली पाच-सहा पानं."

"माझं लग्न झालं होतं, बाईसाहेब."

"गॅरवेंशी. मला आठवतात ते. ते गुडघे टेकणाऱ्यातले नव्हते."

खरंच नव्हते. मी पहिला परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवला. त्या म्हणाल्या, "पाद्रीबाईंनाही पाठ आहे." मी म्हटलं, माझ्याकडे पुरावा आहे, आणि म्हणता म्हणता आठवलं की नाही. हस्तलिखित तुझ्या अक्षरात, तेही ड्रॅकच्या तळघरात. स्वतःला इतकं नीट पुसून टाकलंय मी, की आता शोधायला गेले तर मलाच मी सापडत नाही.

मग काय झालं सांगू? त्यांनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "एका नालायक बाईला वाचवायला तुम्ही स्वतःच्या अब्रूवर असलं बालंट घेताय. असं मन हल्ली बघायला मिळत नाही. माझ्या पुतणीला इस्टरनंतर तुमच्याच शाळेत पाठवते."

मी शाळा बुडवायला गेले होते, एक विद्यार्थिनी घेऊन आले. ऑर्चर्डचं काही झालं नाही, ती अजून धोबिणीकडे कॉलरींना खळ लावतेय. मी तिला भेटायला गेले तर तिनं मला बसायला तिची एकुलती खुर्ची दिली आणि हवापाण्याच्या गोष्टी केल्या. एक शब्द तक्रारीचा नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला निदान बरं वाटलं असतं.

आणि आत्ताच कळलं, डॉक्टरांनी तिसरा खंड बन्सला परत केला, आणि बन्सनं तो कालच हवेलीवर पाठवला. दुसरा अजून पाद्रीबाईंकडेच. म्हणजे बाईसाहेब पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारणार. मी इथे हात चोळत बसलेय.

जुडिथ

*

लंडन, १९ मार्च

जुडिथ,

वाचला का त्यांनी? पुढे काय झालं, उलटटपाली कळव. बाकी काही लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

डॅमरिस

*

वेमबोर्न, ३० मार्च

डॅमरिस,

काय झालं ते कळवते. बाईसाहेबांनी तिसरा खंड वाचला आणि धोबिणीच्या बोळात चार घोड्यांची गाडी पाठवली. बोळ इतका अरुंद की गाडी अडकली, वाळत घातलेल्या चादरी घोड्यांच्या अंगावर. स्वतः बाईसाहेब चिखलात उतरल्या. सगळ्या बोळासमोर ऑर्चर्डच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "माझं मन इतकं तूच ओळखलंस. आणि मी तुला दाराबाहेर काढलं."

रविवारी चर्चमधून निघताना त्यांनी तिला सगळ्यांपुढे उभं केलं. "ही आमची लेखिका." पाद्रीबाईंनी तिचा हात दाबला. ज्या डॉक्टरांना पुस्तक पुरुषाचं वाटत होतं, ते म्हणाले, मला सुरुवातीपासूनच बाईचा हळुवार हात जाणवत होता. मी मुलींची रांग धरून उभी. माझ्याकडे वळून डॉक्टर म्हणतात, "तुम्ही कादंबऱ्या वाचत नाही, मिसेस गॅरवे, पण ही वाचा."

आणि ऑर्चर्ड! एवढे दिवस नाही नाही म्हणणारी ऑर्चर्ड, त्या दिवशी गप्प. हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाडीत चढली. मी तिच्यासाठी शाळा पणाला लावायला गेले होते, आणि ती माझं पुस्तक शालीसारखं खांद्यावर घेऊन निघून गेली. मला राग आला. खोटं कशाला बोलू, फार राग आला.

पण तो राग आता मागे पडलाय, कारण मला कळेना की किल्ल्या उशाखाली घेऊन एकटी मेलेल्या बाईची गोष्ट वाचून कुणी गाडी कशाला पाठवेल. परवा बाईसाहेबांनी तिसरा खंड परत केला आणि मी, चौथं कलम गुंडाळून ठेवून, बन्सच्या काउंटरवरून सगळ्यांदेखत तो घरी आणला.

डॅमरिस, हे काय आहे?

शेवटची तीन प्रकरणं माझी नाहीत. माझी लेडी ग्रिंडल मरत नाही. ती रडते. ती क्लोरिंडाची क्षमा मागते. तिला दक्षिणेकडची शेकोटीची खोली देते आणि हातांची खुर्ची देते, आणि बाहेर चक्क एक पक्षी गातो. मी आयुष्यात कधी पक्ष्याला गायला लावलं नाही. हे कुणी लिहिलं? ड्रॅकनं एखाद्या भाडोत्री लेखकाकडून करवून घेतलं? आणि तुला ठाऊक होतं. 'छपाई चांगली नाही' म्हणे. माझा एक शब्दही घालवायचा नाही असं तू मला वचन दिलं होतंस.

खरं उत्तर हवंय.

जुडिथ

*

लंडन, ५ एप्रिल

जुडिथ,

भाडोत्री लेखक नव्हता. मी लिहिलं.

शिव्या नंतर दे, आधी ऐक. ड्रॅकनं तुझा शेवट वाचला आणि बाड माझ्यापुढे सरकवलं. म्हणाला, "वर्गणी भरणाऱ्या बायकांना शेवटी रडायचं असतं, पण गोड. ही म्हातारी अशी मरणार असेल तर घेऊन जा." तेव्हा तुझ्या शाळेत तापाची साथ होती, तू दहा मुलींच्या उशाशी होतीस. तुला लिहिलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत होतं. तू म्हणाली असतीस, बाड परत आण. आणि ते तुझ्या पेटीत पडून राहिलं असतं, तुझ्या आधीच्या दोन बाडांसारखं.

म्हणून स्वयंपाकघरात बसून, धाकट्याला मांडीवर घेऊन, मी लिहिलं. अ‍ॅम्ब्रोझला वाटलं वाण्याचा हिशेब चाललाय. मला कधी वाटलं नव्हतं की मला येईल. आलं. पक्षी जास्त झाला असेल, पण खिडकीबाहेर खरंच गात होता.

आणखी एक सांगते, कारण आता काही लपवायचं नाही. त्या परीक्षणातलं एक वाक्य मी तुला कळवलं नव्हतं. 'अखेरची प्रकरणे विशेष हृद्य आहेत.' ते वाचून मी मांस करपवलं. कुणाला सांगणार होते? तुला तर नाहीच.

मला तुझी क्षमा हवी आहे, पण त्याहून घाईचं काम वेगळंच आहे. पुस्तकाच्या प्रती संपत आल्यात. ड्रॅक दुसरी आवृत्ती काढतोय आणि आता खपतंय म्हणून त्याचा सूर बदललाय. म्हणतो, त्या बाईंना शेवट बदलायचा असेल तर बदला, 'लेखिकेने सुधारलेली' असं छापलं की आणखी खपेल. तुझी तीन प्रकरणं माझ्या कपाटात आहेत, एक पानही टाकलेलं नाही. तू म्हणशील तर माझी काढते, तुझी लावते. मला वाईट वाटेल, पण लावते. छापखान्यात अक्षरं जुळवायला घेण्याआधी कळव.

डॅमरिस

*

वेमबोर्न, २१ एप्रिल

प्रिय डॅमरिस,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुला एकच ओळ लिहिली होती, 'माझी लाव.' शाईही वाळली होती. टपालात टाकायला निघाले, तर दारात ऑर्चर्ड.

नवी बोनेट, हातात तिसरा खंड, मी परत करताच बाईसाहेबांनी पुन्हा मागवून घेतलेला. बाईसाहेबांनी आता स्वतःसाठी लंडनहून कातडी बांधणीचा संच मागवलाय, त्यामुळे बन्सचा परत करायला निघाली होती. मी तिला आत घेतलं आणि बसायलाही न सांगता विचारलं, "मिस ऑर्चर्ड, ते पुस्तक तुम्ही लिहिलेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"ते तर मला पहिल्या प्रकरणातच कळलं," ती म्हणाली. "वाळवलेल्या चहाचं मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं. बाकी कुणाला सांगितलं की हसायचे. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, पुढे?"

मी तिला खुर्ची दिली आणि समोर बसले.

"मग त्या दिवशी माझं नाव का नाही सांगितलंत? तुम्हाला रस्त्यावर काढलं तेव्हा?"

"सांगून काय झालं असतं? मला परत घेतलं असतं थोडंच? तुमची शाळा गेली असती. रस्त्यावर एकीच्या जागी दोघी."

"आणि आता गप्प का?"

"गप्प बसायचाच पगार मिळतो मला, मिसेस गॅरवे. सवय आहे." मग म्हणाली, "पण राग आला होता तुमचा. गोष्टी माझ्या होत्या. एकदा विचारायचं होतंत. मी हो म्हटलं असतं."

डॅमरिस, मी इतके आठवडे तुझ्यावर, ड्रॅकवर, बन्सवर, डॉक्टरांवर चरफडतेय. माझं पुस्तक घेतलं, माझा शेवट घेतला, मला विचारलं नाही. आणि ही बाई माझ्यापुढे बसून तेच मला सांगत होती, आवाज न चढवता. मी तिची माफी मागितली. तिनं बोनेटची रिबन नीट केली आणि म्हणाली, ठीक आहे, पण पुढच्या वेळी विचारा.

मग मी विचारलं, हवेलीवर बरं चाललंय का. ती म्हणाली, "पुस्तकात आहे तसं चाललंय."

अगदी तसंच, शब्दशः. लेडी थ्रॉकली तो तिसरा खंड प्रार्थनेच्या पुस्तकासारखा टेबलावर ठेवतात. क्लोरिंडाला दक्षिणेची खोली मिळाली, म्हणून ऑर्चर्डला दक्षिणेची खोली. शेकोटी आहे, म्हणून शेकोटी पेटते. खुर्चीला हात आहेत. क्षमाही मागितली, तीही पान उघडून, तुझी वाक्यं वाचून दाखवून. मी हसले. तीही हसली, पहिल्यांदाच. मग म्हणाली, "मात्र पुस्तकात नाही ते मिळत नाही. मी एकदा काहीतरी मागितलं तर म्हणाल्या, असं कुठं लिहिलंय, ऑर्चर्ड? तूच तर लिहिलंस."

"काय मागितलंत?"

ती जरा लाजली. म्हणाली, बाईसाहेब मनात येईल तेव्हा खोलीत येतात. कपडे बदलत असली तरी येतात, झोपली असली तरी येतात. टेबलाचा खण उघडतात. वाईट हेतूनं नाही, आता त्यांना तिच्याशिवाय करमत नाही. "पण मिसेस गॅरवे, मी सतराव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या घरात राहतेय. मला एकदा दार लावून बसायचंय. काही करायचं नाही. नुसतं बसायचंय."

ती गेल्यावर मी 'माझी लाव' चुलीत टाकलं.

माझा शेवट खरा आहे, हे मी मरेपर्यंत म्हणेन. असल्या बायका किल्ल्या उशाखाली घेऊनच मरतात आणि कुठलाही पक्षी गात नाही. तुझा शेवट साखरेत घोळलेला आहे. पण तुझ्या साखरेवर एक बाई आज उबेला झोपलीय, आणि नवी आवृत्ती लेडी थ्रॉकली मागवणारच; तीत लेडी ग्रिंडल मेली तर त्या ते पानही तितक्याच भक्तिभावानं वाचतील. तेव्हा तुझी तीन प्रकरणं राहू देत. पक्षी काढ. तेवढं माझं ऐक.

आणि एक दुरुस्ती कर. क्लोरिंडा नव्या खोलीत पाऊल ठेवते तिथे, खुर्चीच्या वाक्यानंतर, तुझ्याच गुळगुळीत भाषेत मी लिहिलेलं हे वाक्य घाल. शब्द इकडचा तिकडे नको, कारण ते वाचून हवेलीवर सुताराला बोलावणं जाणार आहे:

'मग लेडी ग्रिंडलने त्या दाराला आतून भक्कम कडी बसवून घेतली, आणि त्या दिवसापासून, दार वाजवून आतून उत्तर आल्याखेरीज, ती त्या खोलीत कधीही गेली नाही.'

ड्रॅकला म्हणावं, लवकर छाप.

तुझी,
जुडिथ